आमच्या ह्यांचा नोड आणि लेकीचं लग्न

आमचे हे वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. जन्मभर माल तपासला, त्यामुळं 'रिजेक्ट' हा शब्द लई लाडका. रिटायर झाल्यावर रिजेक्ट करायला माल उरला नाय, मग माझी भाजी अन् शेजाऱ्यांचं पार्किंग सुरू झालं. शेवटी आमच्या कॉम्प्युटरवाल्या लेकीनंच त्यांना बिटकॉइनचा नोड बसवून दिला. म्हटलं, सुटले बाई एकदाची!

नोड म्हणजे आमच्या टीव्हीशेजारचा एक लहानसा डबा. जगात बिटकॉइनचे जे व्यवहार होतात, ते नियमाला धरून आहेत का हे तो घरबसल्या तपासतो अन् पुढच्या लोकांच्या डब्यांकडं पाठवतो.

"ह्यात तुम्हाला मिळतं काय?" मी विचारलं.

"काय नाय. पण दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाय, आपण स्वतः तपासायचं."

लाइट गेली की फ्रिज बंद, दूध नासलं तरी चालेल, पण डबा इन्व्हर्टरवर.

पुढं कळलं की लोक व्यवहारात चित्रं अन् मजकूर घुसडतात. झालं, ह्यांच्या अंगात आलं. फिल्टर लावला. असला व्यवहार आला की ह्यांचा डबा तो पुढं सोडणार नाय. "माझ्या दारातून कचरा जाणार नाय!" पुंडलिकनगरातली अर्धी गल्ली आमच्या गेटसमोर कचरा टाकते, तिथं मात्र दातखीळ बसते.

आल्या-गेल्याला भाषण ठरलेलं. "इथं कुणाची परवानगी लागत नाय, कुणी जात विचारत नाय." पाहुण्यांचा चहा गार व्हायचा.

मग लेकीनं सांगितलं, लग्न ठरवलंय. मुलगा सिल्लोडचा, तिच्याच ऑफिसातला, बोलायला गोड. ह्यांचा पहिला प्रश्न, "जात कोणती?" दुसरा विचारलाच नाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी म्हटलं, अहो, पोराला एकदा बघा तरी. तर म्हणे, "हे लग्न केलं तर तिला बाप नाय." माझ्या मस्तकात तिडीक गेली.

तिनं रजिस्टर लग्न केलं. मी जाऊन साक्षीदाराची सही केली, हे घरीच बसले. तिचा फोन तर हे उचलतच नव्हते. म्हणून तिनं त्याच दिवशी बिटकॉइनचा बारकासा व्यवहार केला अन् त्यात एक ओळ घातली, "बाबा, आज लग्न केलं. घरी या." त्या व्यवहाराचा लांबलचक नंबर तिनं मला पाठवला, तो मी ह्यांच्यापुढं धरला.

"माझ्या फिल्टरनं अडवला असणार," हे खुशीत म्हणाले अन् चष्मा लावून बसले.

अडवला होताच. पण बाकीच्यांच्या डब्यांनी तो पुढं नेला अन् तो ब्लॉकमधी बसला. ब्लॉक म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा. तो नियमात असला की सगळ्यांना ठेवून घ्यावाच लागतो. ह्यांच्याही डब्यानं ठेवून घेतला होता. ह्यांचा चेहरा असा पडला की काय सांगू!

"टाका की पुसून," मी म्हटलं.

"पुसता येत नाय."

"अन् तो गठ्ठा घ्यायचाच नाय म्हटलं तर?"

"मग आपलाच डबा बाहेर पडतो. बाकीच्यांचं काय अडत नाय."

घ्या! स्वतःच्या तोंडानं बोलला माणूस. मी म्हटलं, "रविवारी पोरीनं मुकुंदवाडीला तिच्या घरी जेवायला बोलावलंय, दोघांनाही. मी जाणार. तुमच्यावाचून तिथंही काय अडत नाय."

हे डब्याकडं बघत राहिले.

रविवारी मी एकटीच गेले. जावयानं हौसेनं वांग्याची भाजी केली होती. लेक पोळ्या लाटता लाटता दाराकडं बघायची, बाहेर रिक्षा थांबली की लाटणं थांबायचं. अडत नाय म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते. मला त्या मेल्या डब्याचा असा राग आला! डब्याचा कसला, त्या माणसाचा.