साहेब येण्यापुरतं वाचन

डांबरगोळ्यांचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात वाचनालयाची पुस्तकं वर्षभर याच वासात, कुलूपबंद कपाटात असायची. तपासणीचे साहेब येणार असले, की ग्रंथपाल आम्हा मुलींना धानाच्या बांधावरून बोलावून बाकांवर बसवायचे आणि हातात एकेक पुस्तक द्यायचे. एकदा मी खरंच वाचत सुटले. गोष्टीतली बाई पुराच्या नदीत उतरली होती, तेवढ्यात साहेबांची जीप गेली आणि ग्रंथपालांनी पुस्तक हिसकावलं. मी म्हटलं, "भाऊ, संपवू द्या ना मले." ते खेकसले, "साहेब गेले ना? मंग आता काऊन वाचून राह्यली?" परवा त्याच वाचनालयाने मला पाहुणी म्हणून बोलावलं. हार घालायला सगळे उठले. मी कपाटाची किल्ली मागितली, तर ती कोणाकडेच नव्हती.