बक्षीस मिळालेल्या चित्रातला माणूस

मित्रांनो, घरी आल्या आल्या लिहितोय.

साताऱ्यातल्या आमच्या छोट्या गॅलरीत आज प्रदर्शन उघडलं. पहिलं बक्षीस सांगली स्टँडवर बसलेल्या एका माणसाच्या चित्राला.

भाचीचं चित्र बघायला वडूजहून आलेल्या एक मावशी त्याच्यापुढं थांबल्या.

"ह्यो माझा थोरला. दोन वर्सं झाली घरातनं गेलाय."

मी चित्रकाराला बोलावलं. तो म्हणाला, "गेल्या दिवाळीत काढलं, मावशी. तासभर समोर बसले होते."

"जेवला हुता का त्यो? इचारलंस का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

त्या चेहऱ्यावरच्या उजेडावर परीक्षक अर्धा तास बोलले होते. हा कोण, हे मीही विचारलं नव्हतं.

मावशी चित्राचा फोटो घेऊन लगेच सांगलीच्या एसटीत बसल्या.

तुम्ही विचारलं असतं का हो?