डावीकडचा दिवा

टपवाले काका गाडीत बसायला आले की आधी डाव्या बाजूला जायचे. डावं दार उघडायचे, हात मागे बांधून दहा आकडे मोजता येतील इतका वेळ तिथेच उभे राहायचे, मग दार हलकेच लावायचे. त्यानंतर बॉनेटला वळसा घालून आपल्या सीटवर बसायचे, डावीकडे हात लांबवून त्या रिकाम्या सीटचाही पट्टा लावायचे आणि मगच चावी फिरवायचे. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दाराची बिजागरी कुरकुरत असेल. मी तेलाची बाटली घेऊन धावलो. काका म्हणाले, "घाई काय आहे गा मिस्त्री? दार बरोबर आहे."

माझं गॅरेज जरीपटक्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथे सगळ्या कुटुंबवत्सल गाड्या येतात, मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा असलेल्या. त्यांत काकांची गाडी म्हणजे लग्नाच्या पंगतीत नटी. बुटकी, मोरपंखी रंगाची, दोनच सीटची आणि वरचा टप मागे दुमडून ठेवायची. नागपुरात असली गाडी घेणारा माणूस एक तर विशीतला असतो, नाही तर ठार वेडा. काका एकसष्टचे होते. मे महिन्यात भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत तेव्हा, हे गृहस्थ तोंडाला दुपट्टा गुंडाळून टप उघडा ठेवून जात. म्हणून टपवाले काका. त्यांचं खरं आडनाव मला बिलबुकात पाहावं लागायचं.

एकदा मी विचारलंच, "काका, चारजण बसतील अशी का नाही घेतली?" चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं तुही काकू स्कूटरवर माह्या मागं बसली गा. माही पाठच पाहिली तिनं. म्हणे, एकदा तरी मले बाजूले बसवा. म्हणून मागं सीटच नसलेली गाडी पाहिली." काकूंनी रंग निवडला होता. गाडीचा फोटो बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "रंग ब्येस आहे, पण हिचे डोळे झोप आल्यासारखे दिसतात." गाडी दारात आली तेव्हा काकूंना जाऊन सोळा दिवस झाले होते. मी उगाच एका नटावरचा गंज घासत बसलो.

पाच वर्षांनी कंपनीने त्याच गाडीला नवा चेहरा दिला. पुढचा बंपर, जाळी, मागचे दिवे, आतलं मीटर, सगळं बदललं, आणि हेडलाइट चांगले टक्क उघडे केले. काका तो फोटो घेऊन माझ्याकडे आले. "मिस्त्री, आपल्या गाडीले हे तोंड बसते का?" मी म्हटलं, "काका, या वयात गाडीचा नट्टापट्टा?" ते हसले. "मी केस काळे केले तर लोक नावं ठेवतीन. गाडीले कोण बोलते? आणि तिले असेच डोळे पाहिजे होते ना."

तीन आठवडे मी त्या गाडीला चिकटलो होतो. माझ्या हातून इतकं सुरेख काम पुन्हा झालेलं नाही, हे मी स्वतःच सांगतो. गाडी न्यायला काका दुपारी आले. नेहमीसारखं डावं दार उघडलं, थांबले, लावलं. आपल्या जागेवर बसून आपला पट्टा लावला आणि नवं मीटर बघायच्या नादात डावीकडचा पट्टा लावायच्या आधीच चावी फिरवली. टिंग, टिंग, टिंग. मीटरवर डावीकडचा लाल दिवा लागला. सीटवर माणूस आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असा त्याचा अर्थ.

मी शरमलो. "फॉल्ट आहे काका. प्रत्येक सीटखाली एक चटई असते. वजन आलं की ती मीटरला कळवते. चटई तुमच्या गाडीत पहिल्यापासून आहे, पण जुन्या मीटरमध्ये तिचा दिवाच नव्हता."

काका त्या दिव्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे ती पाच वर्षं सांगून राहिली होती?" त्यांनी हात लांबवून डावीकडचा पट्टा लावला. दिवा विझला. "राहू दे गा. फॉल्ट नाही तो."

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढच्या वेळी काका समोर चहाला गेले तेव्हा मी चावी फिरवून पाहिली. दिवा नाही. चावी तशीच ठेवून सीटवर थापा मारल्या, वायर हलवली, काही नाही. काका परत आले, त्यांनी डावं दार उघडलं, थांबले, लावलं. आणि दिवा लागला. मी सीटकडेच पाहत होतो. तिचं कातडं मधोमध हळूच दबलं, जपून बसणाऱ्या माणसाखाली दबतं तसं. बाहेर अंग भाजत होतं आणि माझ्या हातावर काटा उभा राहिला.

मी भ्यालो, हे कबूल करतो. भ्यालेला मिस्त्री काय करणार? वायर उपसणार. सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा मी डाव्या सीटखालचा प्लग काढून ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही.

नव्या मीटरपासून काका डावा पट्टा दिवा लागल्यावरच लावत. त्यांनी दार उघडलं, थांबले, लावलं. चावी फिरवली. दिवा नाही. ते उतरले, पुन्हा दार उघडलं. या वेळी जास्त थांबले. असं चारदा केलं. चौथ्यांदा वाकून रिकाम्या सीटला म्हणाले, "काहून वं? चाल ना." मी खाली मान घालून पाने पुसत राहिलो. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा टप लावला आणि निघून गेले.

अकरा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात गाडी उभी, डावं दार सताड उघडं, आणि काका शेजारी खुर्ची टाकून बसलेले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "मले वाटलं, तिचं मन भरलं." मी प्लग जोडला. काकांनी दार लावलं, थांबले, चावी फिरवली. दिवा लागला नाही. माझी वायरिंग बरोबर होती, तीनदा तपासली. "जाऊ दे मिस्त्री," ते म्हणाले, "तिले वाटलं असंल, मीच उतरवलं." त्यानंतर काका गाडीत बसले नाहीत. दिवाळीच्या आधी गेले.

गाडी विकायला म्हणून त्यांच्या मुलीने माझ्याकडे आणून ठेवली. गिऱ्हाईक ठरलं. परवा दुपारी गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन ऐकावं म्हणून मी बाहेर उभ्यानेच खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. गाडीत कुणी नव्हतं. टिंग, टिंग. डावीकडचा लाल दिवा लागला. आणि उजवीकडचाही.

मला भीती वाटली नाही. डोळे मात्र भरून आले. मी वाकून आधी काकूंचा पट्टा लावला, मग काकांचा. दोन्ही दिवे विझले. टप मागे दुमडला आणि मुलीला फोन लावला.

"ताई," मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगतो. गाडी रिकामी नाही."