समुद्र उपलब्ध होईपर्यंत

आमच्या गावात समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नगरपालिकेच्या दफ्तरात तो आहे आणि तिथे तो माझ्यामुळे आला आहे.

गाव कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर, नदीकाठी. मी तिथल्या नगरपालिकेत सभा लिपिक. सभेची विषयपत्रिका काढायची, ती सभासदांच्या घरी पोचवून सह्या घ्यायच्या, आणि सभेत कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहायचं, एवढंच माझं काम. मधली काही वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासक होते. तेच ठराव मांडायचे, तेच मंजूर करायचे. भांडण नाही, त्यामुळे मला लिहायलाही काही नाही. मग एकदाच्या निवडणुका झाल्या, नवं सभागृह आलं आणि नव्या मुख्याधिकाऱ्यांनी फर्मावलं, पहिल्या सभेची विषयपत्रिका उद्या टेबलावर पाहिजे. विषयपत्रिका कशी असते हेच मी विसरलो होतो. नमुना बघावा म्हटलं, तर जुन्या फायली पुरात भिजून एकमेकींना चिकटल्या होत्या.

कोकणात किनाऱ्यावरच्या एका नगरपालिकेत माझा मित्र हेच काम करतो. त्याने त्याची विषयपत्रिका मोबाइलवर पाठवली. मी त्यांच्या गावाचं नाव काढून आमचं घातलं, त्यांचे विषय काढून आमचे घातले. गटारी, दिवाबत्ती, मंडईतले ओटे, मोकाट कुत्री. सगळे विषय बदलले, एक सोडून.

शिपाई पोचवहीवर सगळ्यांच्या सह्या घेऊन आला, तेव्हा मी चहा पीत स्वतःचंच काम कौतुकाने वाचायला घेतलं. विषय क्रमांक अकरापाशी आलो आणि कप खाली ठेवला. 'समुद्रकिनारी मानधनावर एक जीवरक्षक नेमण्याबाबत विचार करून निर्णय घेणे.'

एकदा सभासदांच्या हाती पडलेला विषय परत घेता येत नाही. तो फक्त सभागृह फेटाळू शकतं. म्हणजे भर सभेत कुणीतरी उठणार, समुद्र कुठे आहे विचारणार, सगळे हसणार आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस येणार. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका सभासदाचा फोन आला. मी उभा राहून घेतला.

"अकरा नंबरचा विषय बघितला. चांगलाय," ते म्हणाले. "फक्त आमच्या प्रभागात घ्या तेवढा."

फोन ठेवला आणि जरा बरं वाटलं. गावाला आपण उगाचच घाबरत होतो, असंही वाटलं.

त्या संध्याकाळी घाटावर गेलो. तिथे पिंपळाखाली एक म्हातारा बसलेला असतो. अख्खा गाव त्याला मामा म्हणतो. शेजारी खिळ्याला ट्रकची फुगवलेली ट्यूब, तिला सतरा ठिगळं. गेली कित्येक वर्षं मामा घाटावर बसून पाण्याकडे बघतो आहे. कुणाचा पाय घसरला, कुणी भोवऱ्यात गेलं की ट्यूब घेऊन उडी मारतो. त्याने बाहेर काढलेल्यांची यादी कुणी ठेवलेली नाही, पण तीत मी आहे. चौथीत होतो. म्हशीच्या पाठीवरून घसरलो आणि तळाशी गेलो. मामाने केसांना धरून वर ओढलं, पाणी ओकायला लावलं आणि मग एक सणसणीत थोबाडीत दिली. ती गालाला अजून आठवते. उपकार मानायचे राहूनच गेले.

घाटाचं आता सुशोभीकरण झालं आहे. रंगीत फरशा, दिवे आणि ठेकेदाराचा वॉचमन. त्या वॉचमनने मामाला सांगितलं होतं, महिनाअखेर सामान उचला, इथे परवानगीशिवाय बसायचं नाही.

"पोरा, मला पगार नगं," मामा मला म्हणाला. "बसायला नुसता एक कागद दे की. म्या गेलो तर हितं पाण्याकडं बघणार कोण? त्यो वॉचमन? त्येला पवायलाच येत न्हाय!"

कागदासाठी त्याने तीन वेळा अर्ज केले होते. तिन्ही वेळा उत्तर गेलं होतं, 'नदीवर जीवरक्षकाचे पद मंजूर नाही.' ती तिन्ही उत्तरं मीच टाइप केली होती. लाज वाटली. सरळ सांगतो, खूप लाज वाटली. आणि घरी येताना पुलावर माझ्या डोक्यात उजेड पडला. नदीवर पद मंजूर नाही. समुद्रावर मात्र विषय क्रमांक अकरा आहे. तेव्हापासून मी त्या चुकीला जपायला लागलो. आता तो विषय कुणी फेटाळू नये एवढीच माझी इच्छा होती.

सभेच्या दिवशी दहापर्यंतचे विषय 'मंजूर, मंजूर' म्हणत सरकले. अकरावा मी एका दमात वाचून टाकला. मग विरोधी बाजूचा एक सभासद टेबलावर हात आपटून उठला.

"इतकी वर्सं सत्ता भोगलासा! समुद्राचं काय केलंसा?"

"आमच्या काळात समुद्राचा विषय पटलावर आला, हे आधी बघा!" सत्ताधारी ओरडले. "तुमच्या काळात नुसत्या गटारी!"

"समुद्र एकाच प्रभागाला का? मागल्या खेपेला बागबी तिकडंच दिली!"

नगराध्यक्षांनी सर्वांना समान न्याय मिळेल असं सांगितलं. एकाने जीवरक्षक स्थानिकच पाहिजे, बाहेरचा खपवून घेणार नाही, अशी उपसूचना दिली. मुख्याधिकारी बदलून नुकतेच आले होते. गावात काय आहे नि काय नाही, हे चारचौघांत विचारायचा त्यांना संकोच वाटत असावा. ते गंभीरपणे मान हलवत राहिले. मी खाली मान घालून सगळं लिहून घेत होतो. हसू येत होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक काकी उठल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, गावातली दूध डेअरी चालवणाऱ्या. रोज सकाळी शंभर जणांचं दूध तपासायची सवय, त्यामुळे कुठलीही गोष्ट न बघता पुढे ढकलत नाहीत. त्यांच्या विषयपत्रिकेवर अकराव्या विषयाभोवती पेन्सिलीने गोल केलेला मला माझ्या जागेवरूनही दिसत होता.

"अध्यक्षसाहेब, एक इचारते," त्या म्हणाल्या. "आपल्या गावात समुद्र हाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू कुणाच्या तरी प्रभागात तो असेलच. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

"न्हाय," काकींनीच उत्तर दिलं. "समुद्र न्हाय. पर घाटावर म्हातारा हाय. आमच्या थोरल्याला त्येनंच काढलाय. ह्या हॉलमधल्या कुणाकुणाला काढलाय, हात वर करा बघू."

आधी विरोधकांतला तो टेबल आपटणारा हात हळूच वर गेला. मग सत्ताधाऱ्यांतले दोन. मग नगराध्यक्षांनी कान खाजवतोय असं दाखवत हात वर केला आणि तो तिथेच ठेवला. लिपिकाला सभेत मत नसतं. तरी मी पेन धरलेला हात वर केला.

"मग ठराव लिहा," काकी म्हणाल्या. "समुद्राचं पुढं बघू."

आता लिहायचं मला होतं. विषय तर समुद्राचा, माणूस नदीचा. वीस वर्षं जी भाषा टाइप करून करून बोटं झिजली, ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामाला आली. मी लिहिलं, 'समुद्रकिनारी एक जीवरक्षक नेमण्यास ही सभा मंजुरी देते. समुद्र उपलब्ध होईपर्यंत सदर जीवरक्षकाने नदीघाटावर काम पाहावे.' वाचून दाखवलं. सर्वानुमते मंजूर. मुख्याधिकाऱ्यांनी बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "यापुढे कोकणातलं काही आणू नका." नोटीस आली नाही.

आदेश मी स्वतः घाटावर नेला. मामाला वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचला. वॉचमनही उभा राहून ऐकत होता. सोबत नगरपालिकेचं नारिंगी जॅकेट आणि शिट्टी. मामाने जॅकेट घातलं, शिट्टी वाजवून बघितली, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"उपलब्ध होईपर्यंत म्हंजे? समुद्र आला की मला काढणार?"

"मामा, आपल्या नगरपालिकेत उपलब्ध होईपर्यंत म्हटलेलं आजवर काय उपलब्ध झालंय?"

त्याला ते पटलं नाही. अडाणी माणसाचा कागदावर आमच्यापेक्षा जास्त विश्वास असतो. त्याने आदेशाची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, सुतळीने बांधली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

त्याच पावसाळ्यात नदी पात्र सोडून निघाली. घाट गेला, रंगीत फरशा गेल्या, वॉचमनची केबिन गेली, खालची गल्ली गेली. आम्ही शाळेच्या गच्चीवर माणसं आणत होतो. समोरचे उसाचे फड दिसेनासे झाले होते. लांब जोतिबाचा डोंगर आणि आमची शाळा यांच्यामध्ये नुसतं पाणी, आणि त्याला चक्क लाटा येत होत्या. मामा सकाळपासून पाण्यात होता. दुपारी तो एका आजीला आणि तिच्या गॅस सिलिंडरला घेऊन आला. भरलेलं सिलिंडर सोडून ती निघत नव्हती. दोघांना जिन्यावर चढवलं आणि तो कठड्याला टेकून धापा टाकत पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने सदऱ्यात हात घालून ती पिशवी बाहेर काढली.

"पोरा, आला की रं समुद्र," तो म्हणाला. "आता ह्यो कागद चालतोय का गेला?"

मला वाटलं चेष्टा करतोय. चेहरा बघितला तर तो भ्याला होता. सकाळपासून त्या पाण्यात चौदा फेऱ्या मारताना न भ्यालेला माणूस माझ्याकडे बघून भ्याला होता. मी पिशवी त्याच्या हातातून घेतली, परत त्याच्या खिशात घातली आणि वरून हात दाबून धरला.

"मामा, ह्यो समुद्र सभेपुढं आलेलाच न्हाय," मी म्हणालो. "मंजूर झाल्याबिगर आमी समुद्र धरत न्हाय."

"असं व्हय," मामा म्हणाला, आणि ट्यूब उचलून परत पाण्यात उतरला.