सगळ्यांचे डोळे एका रेषेत

डॉक्टर होण्यासाठी मी मुखेडहून लातूरला आले आणि माणसाचं हृदय इतकं सुबक काढायला शिकले, की खोलीतल्या मुली आपल्या वह्या माझ्याकडे आणून द्यायच्या. त्या हृदयात रक्त कुठून कुठं जातं, हे मात्र दोन्ही वेळा मेडिकलच्या ऐन प्रवेश परीक्षेत विसरले. दुसरा निकाल लागला तेव्हा अप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "असू दे माय. रिपीटरची बॅच सुरू झाली की येतो. आजून एक वर्ष करू." वडिलांचा शब्द मोडायची मला सवय नव्हती. पण अजून एक वर्ष तेच करायचं माझ्या मनात नव्हतं.

त्या मधल्या दिवसांत मी खोलीखालच्या फ्लेक्सच्या दुकानात बसू लागले. दुकानवाल्या काकांचा डिझाइन करणारा माणूस पुण्याला निघून गेला होता. मला कॉम्प्युटर येतो म्हटल्यावर त्यांनी लगेच खुर्ची पुढं केली. मग काय, मी हात मोकळा सोडला. अक्षरांना सावली, सावलीला चमक, चमकेला सोनेरी काठ. वाढदिवसाचा एक बॅनर तर असा नटवला की नवरीनं लाजावं. दुसऱ्या दिवशी रिक्षातून जाताना तोच बॅनर समोर आला, मागं पडला, आणि वाढदिवस कुणाचा हे माझं मलाच वाचता आलं नाही. चांगलीच खजील झाले.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, खताच्या पिशव्या. डोळा कुठं थांबतो, कुठून निसटतो. काय घालायचं यापेक्षा काय काढून टाकायचं हे जास्त अवघड आहे, हे हळूहळू कळत गेलं. कधी नव्हे तो मला अभ्यास आवडायला लागला होता.

मग आमच्याच क्लासचं काम आलं. निवड झालेल्या मुलांचा मोठा बॅनर. लातुरात या बॅनरचा साचा ठरलेला. पहिला आलेला अर्धा बॅनर व्यापून हसतो आणि बाकीचे खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे. फोटो मोबाइलवर येऊन पडले. कुणाचं नुसतं तोंड, कुणी कमरेपर्यंत, एकीच्या मागं घरातलं कपाट. त्यात माझ्या खोलीतली मैत्रीणही होती. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तिचा चेहरा कापून घेताना डोळे भरून आले. पण घाईत तिच्या वेणीची रिबीन छाटली गेली, तेव्हा ती तशीच सोडवेना. परत जाऊन नीट केली. मग एकीची केली म्हणून सगळ्यांचे केस, वेण्या, कानातले सांभाळत बसले. रांगेरांगेत सगळ्यांचे डोळे एका रेषेत आणले, चेहरे एका मापाचे केले. मग ती पोरं एकाच अंगणात उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. पहिला आलेला मधोमध, इतरांपेक्षा जरासाच मोठा.

क्लासचे सर बघून तडकले. "पहिला नंबर उठून दिसायला नको?"

"सर, त्याचं कौतुक सगळं गाव करतंय. बाकीच्यांच्या आईबापांनाही आपलं लेकरू रस्त्यावरून दिसू द्या की."

हे आपण बोललो यावर माझाच विश्वास बसेना. सरांनी स्क्रीनवरचा बॅनर परत वरपासून खालपर्यंत पाहिला. "लावा. नाही पटलं तर उतरवू."

बॅनर लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अप्पा एसटीनं आले, फीचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात घेऊन. क्लासच्या दारात बॅनरखाली एक बाई शेवटच्या रांगेतल्या पोराकडे बोट करून नवऱ्याला सांगत होती, "ते बगा की, आपलं हाय." नवरा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, "इथूनबी दिसायलंय!"

अप्पा त्या दोघांकडे बघत राहिले.

"अप्पा, हे मी केलंय."

"समदं?"

"हाव."

"कुणी शिकिवलं?"

"कुणीच न्हाई. बगून बगून." एका दमात बोलून टाकलं. "अप्पा, मला हेच शिकायचंय. त्याचंबी कॉलेज असतंय."

अप्पांनी चपला काढल्या आणि ते तडक ऑफिसात शिरले. संपलं सगळं, असं म्हणत मी त्यांच्या मागोमाग गेले. सरांनी फॉर्म पुढं सरकवला. "रिपीटर बॅच ना?"

"न्हाई सर." अप्पा उभेच होते. "बाहीर ते ब्यानर लावलंय न्हवं, ते माझ्या लेकीनं केलंय. तेवढंच सांगायला आलो."

सरांना ते माहीत होतंच. पण अप्पा असे उभे होते, की सरांनी मान हलवून ते नव्यानं ऐकून घेतलं. मला रडू आवरेना. मी बाहेर आले आणि चपला शोधायचं निमित्त करून कितीतरी वेळ वाकून राहिले.