मयूरीच्या नावाने कोण येत होतं

उत्कर्षा जत तालुक्यातली. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. कॉम्प्युटर शिकलेली ती पहिलीच. एकोणीसशे नव्व्याण्णव साली सांगलीत नाथाजीरावांच्या वधू-वर केंद्रात ती नोकरीला लागली. केंद्राची वेबसाइट तीच सांभाळायची. साइटवर मुलींची नावं, गावं सगळ्यांना दिसायची आणि तेच नाव-गाव टाइप केलं, की त्या मुलीचं पान उघडायचं. पासवर्ड नव्हता. "लोक विसरतात, मग फोन करून डोकं खातात," असं नाथाजीरावांचं म्हणणं.

एका दुपारी उंब्रजहून फोन आला. बाईचा आवाज दबका होता.

"दारात एक माणूस आलता. माजी मयूरी कंच्या एस्टीनं कॉलेजला जाती, समदं त्याला ठावं. तुमच्या कॉम्प्युटरवर वाचलं म्हनला. नाव तिच्या आत्यानं दिलंय, आमाला न इचारता."

उत्कर्षाने मयूरीचं नाव-गाव टाइप केलं. फोटो, पत्ता, कॉलेजची वेळ, सगळं समोर आलं.

"मावशी, तिला एकटीला पाठवू नका," एवढंच ती म्हणाली.

नाथाजीराव साइट बंद करायला तयार होईनात. "गिऱ्हाईक तुटेल, उत्कर्षा."

"सर, माझी बहीण असती तर?"

त्यांनी हातानेच 'कर बंद' अशी खूण केली. तिने सगळी पानं बंद केली आणि साइट जिच्यावर चालायची ती स्क्रिप्ट उघडली. एका ठिकाणी बदललं की दुसरीकडे अडायचं. आता प्रत्येकीला वेगळा पासवर्ड, आणि तीन वेळा चुकला की पान बंद. नवी नोंद आली, तरी ती मुलगी स्वतः फोनवर हो म्हणेपर्यंत दिसायची नाही.

मग तिने जुन्या यादीतल्या मुलींना फोन लावले. वडूजच्या एका मुलीला हे माहीतच नव्हतं. "माजं नाव हाय तिथं? काढा ताई, लगेच काढा." अशा बऱ्याच निघाल्या. त्या सगळ्यांची पानं तिने काढली; मयूरीचं तेवढं रिकामं करून ठेवलं, कोण येतं ते बघायला.

साइट पुन्हा सुरू झाली त्याच दिवशी मयूरीच्या नावाने कुणीतरी आत शिरायला बघत होतं. चुकलेले पासवर्ड उत्कर्षाला दिसत होते. आधी मयूरीची जन्मतारीख. मग वडलांचं नाव. मग घरातल्या म्हशीचं नाव असावं तसं काहीतरी, चंद्री. तिसरी चूक होताच पान बंद पडलं. उत्कर्षाने उंब्रजला फोन करून विचारलं.

"व्हय," मयूरीची आई म्हणाली, "गोठ्यात हाय चंद्री." आणि लगेच विचारलं, "म्हंजी त्यो गोठ्यापतूर आलता?"

मयूरीचे मामा महिनाभर तिच्यासोबत एस्टीने गेले, चौकीतही जाऊन आले. तो माणूस पुन्हा दिसला नाही, सापडलाही नाही. केंद्राची निम्मी गिऱ्हाइकं गेली. नाथाजीरावांनी कुरकुर केली, पण पासवर्ड काढा म्हणाले नाहीत.

उत्कर्षा मात्र नंतर कितीतरी दिवस केंद्रातून खोलीवर जाताना उगीच रस्ता बदलायची, आणि मागून कुणाची पावलं वाजली, की थांबून मागच्याला आधी पुढे जाऊ द्यायची.