रेशन स्टोअरमधला पेपर

माझं शेवटचं पोस्टिंग चिचगडच्या पुढे, जंगलातल्या कॅम्पवर होतं. महिला प्लाटूनची मी हवालदार. साडेपाचला रोलकॉल, सहाला गस्त, परतल्यावर हत्यारांची सफाई. त्यातून वेळ काढून आमच्या पाच पोरी ऑनलाइन बी.ए. करत होत्या. मला ते थेर वाटायचे. सनावळ्या पाठ करता करता एखादी रायफलचा बोल्ट उलटा बसवेल, असं मी बोलूनही दाखवलं होतं. तसं कधी झालं नाही, हे कबूल करते.

त्यांतली कॉन्स्टेबल सुजाता फुलचूरची. तिच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. तिचा इतिहासाचा एकच पेपर राहिला होता आणि बी.ए.च्या नोंदणीची वर्षं संपत आली होती. हा पेपर गेला की सगळा अभ्यास पाण्यात.

कॅम्पवर नेटवर्क फक्त रेशन स्टोअरच्या खिडकीत यायचं. म्हणून ती तांदळाच्या पोत्यावर बसली, समोर तेलाच्या डब्यावर लॅपटॉप. नियम तिनं मला समजावले. कॅमेऱ्यात तिचा एकटीचा चेहरा दिसत राहायला हवा. चेहरा हलला, दुसरं कुणी दिसलं किंवा बोललं, की वॉर्निंग. तिसऱ्या वॉर्निंगला पेपर बंद.

"दारात मी उभी राहते," मी म्हणाले.

दहाला पेपर सुरू झाला. दहा वीसला मैदानात उस्तादानं ड्रिलसाठी 'सावधान' पुकारलं. मैदान लांब होतं, पण सुजाताचे कान तयार. ती पोत्यावरून ताडकन उभी राहिली. स्क्रीनवर नुसतं बेल्टचं बकल. पहिली वॉर्निंग. मी दारात कपाळावर हात मारून घेतला.

दहा पन्नासला वायरलेस कुजबुजला.

"गेट टू स्टोअर. मोठे साहेब तपासणीला आले. ओव्हर."

"कुठवर आले? ओव्हर."

"तुमच्या मागंच हायेत. ओव्हर."

मी वळले. टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला आणि तोंडातून गळा फाडून "जय हिंद, सर!" निघालं. आत सुजाता पुन्हा उभी. दुसरी वॉर्निंग, आणि ती माझ्यामुळे.

"अंदर कौन है?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. सगळ्या नोकरीत अधिकाऱ्याला गप्प केल्याची तेवढी एकच वेळ. मग वहीत चार ओळी लिहून प्रकार सांगितला. साहेबांनी वाचलं. पण तपासणी अर्धी सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी टोपी माझ्या हातात दिली, गुडघे टेकले आणि कॅमेऱ्याच्या खालून रांगत आत गेले. तळहातानं तिला खूण केली, बसून राहा. ती बसली, पण बसल्या जागी सावधान: पाठ ताठ, मुठी मांड्यांवर. साहेब डाळीची पोती चाचपत होते, तोवर तिनं एक अक्षर लिहिलं नाही. पीठ लागलेल्या गुडघ्यांनी ते बाहेर आले आणि शेरा लिहिला: साठा बरोबर, उंदीर आहेत.

बाराला सुजाता बाहेर आली, डोळे भरलेले.

"शेवटचा प्रश्न अर्धाच राह्यला, मॅडम. तुम्ही कायले येवढ्या जोरानं वरडल्या?"

निकाल लागेपर्यंत मला जेवण गेलं नाही. ती पास झाली, अगदी काठावर. त्या दिवशी मेसमध्ये शिरा झाला, आणि मी तो दोनदा घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात गस्तीवर स्फोट झाला. त्यात सुजाता गेली. मी तेव्हा निवृत्त झाले होते; बातमी फोनवर कळली. खूप रडले.

तिच्या स्मारकाचा दगड करायचा होता, तेव्हा मी फुलचूरला गेले. फोर्सकडून मजकूर आला होता: नंबर, रँक, नाव, तारीख. मी तो तिच्या आईला वाचून दाखवला.

"बी.ए. काऊन नाही लिवलं?" आईनं विचारलं.

"ताई, फोर्सच्या मजकुरात ते नसतं."

"फोर्सनं नोकरी देली. बी.ए. माह्या पोरीनं कमावलं. लिवा."

मी पेन काढलं. माझ्यासोबत आलेल्या दगड घडवणाऱ्यानं विचारलं, कुठं कोरू, खाली वेगळ्या ओळीत?

"नाही," आई म्हणाली. "नावाले चिकटून."